वायरलेस माऊस अडखळत असेल तर आधी शेजारची हार्ड डिस्क तपासा

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले आणि पेरण्या उरकल्या की पीकविम्याचे अर्ज, अशी कामे तिथे दिवसभर चालतात. तीन वर्षांपूर्वी ऐन जुलैत, दाराबाहेर रांग लागलेली असताना, माझा वायरलेस माऊस अडखळू लागला. गट क्रमांकांच्या यादीवर बाण नेला की तो मध्येच थांबायचा, क्षणभराने दोन ओळी खाली जाऊन पडायचा आणि निवड भलत्याच गटाची व्हायची. समोर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने स्क्रीनकडे बोट करून, “दादा, तो गट माझा नाही, भावकीचा आहे,” असे सांगितले नसते, तर त्यांचा अर्ज तसाच पुढे गेला असता.

त्या महिन्यात मी दोन नवे माऊस घेतले, तीनदा सेल बदलले आणि दुरुस्तीवाल्याला बोलावून विंडोजही नव्याने टाकून घेतले. दोष यांपैकी कशातच नव्हता. स्कॅन केलेली कागदपत्रे साठवण्यासाठी जूनमध्ये घेतलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क मी माऊसच्या रिसीव्हरला खेटून, शेजारच्याच निळ्या पोर्टमध्ये (उपकरण जोडायच्या खाचेत) लावली होती, आणि अडचणीचे मूळ तिथे होते. उपाय शंभर-सव्वाशे रुपयांच्या एका केबलने झाला. नव्याने केंद्र टाकणाऱ्या किंवा दुकानात, घरी पहिल्यांदाच संगणक मांडणाऱ्या कोणाचेही इतके दिवस आणि इतके पैसे यात जाऊ नयेत, म्हणून मी जे शिकलो ते क्रमाने लिहितो.

कारण काय आहे?

वायरलेस माऊससोबत नखाएवढा रिसीव्हर मिळतो. आपल्याकडे त्याला सरसकट डोंगल म्हणतात. माऊस आणि हा रिसीव्हर यांचे बोलणे 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, म्हणजे 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्‌झ या दरम्यान चालते. कमी शक्तीच्या उपकरणांना हा पट्टा वापरण्यासाठी भारतात 2005 पासून परवाना लागत नाही. त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस कीबोर्ड अशा सगळ्यांची तिथे दाटी आहे. तरीही ही उपकरणे एरवी एकमेकांना सांभाळून घेतात, कारण मोकळी जागा पाहून बोलावे किंवा जागा बदलत राहावे अशी सोय त्यांच्यात केलेली असते.

यूएसबी 3.0 चे, म्हणजे माझी हार्ड डिस्क ज्या वेगवान जोडणीने संगणकाला लावली होती तिचे, तसे नाही. 2008 साली हे मानक आले तेव्हा यूएसबी 2.0 चा 480 मेगाबिटचा वेग एकदम सेकंदाला 5 गिगाबिटवर गेला. इतक्या वेगाने तारेतला संकेत खाली-वर होत असताना थोडी ऊर्जा रेडिओ लहरींच्या रूपाने बाहेर निसटते, आणि ती एका जागी न राहता शून्यापासून जवळजवळ 5 गिगाहर्ट्‌झपर्यंत पसरते. माऊसचा पट्टा बरोबर त्याच्या मध्यावर येतो. इंटेलने एप्रिल 2012 मध्ये याच विषयावर एक तांत्रिक टिपण काढले होते. यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क जोडल्यावर जवळच्या जागेत या पट्ट्यातला गोंगाट सुमारे 20 डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभर पटींनी वाढतो, असे मोजमाप त्यात दिले आहे. हा गोंगाट डिस्कमधून, तिच्या केबलमधून आणि पोर्टच्या तोंडापाशी, अशा तिन्ही ठिकाणांहून निघतो. ती जोडणी झोपेत गेलेली नसेल तर फाईल कॉपी होत नसतानाही तो चालू राहू शकतो, कारण रिकाम्या वेळातही दोन्ही बाजूंमध्ये संकेतांची देवाणघेवाण सुरूच असते.

वरातीत डीजेच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कानाशी बोललेलेही कळत नाही, आणि तोच माणूस पन्नास पावले लांब गेला की साधे बोलणेही त्याला नीट ऐकू येते. रिसीव्हरची अवस्था अगदी अशीच असते. पुढचे सगळे उपाय त्याला त्या आवाजापासून लांब नेण्याचेच आहेत.

हाताशी काय असावे?

- नवे सेल (माऊसला लागतात त्या मापाचे, एकाच पाकिटातले)
- यूएसबी 2.0 ची एक्स्टेंशन केबल, एक ते दीड मीटर लांबीची, एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला पोर्ट असलेली
- कोरडे सुती कापड आणि कापसाची काडी
- चिकटपट्टी
- परीक्षेपुरता कोणाकडून तरी मागून आणलेला वायरचा माऊस

कागदपत्र एकच, माऊसच्या खरेदीची पावती. ती आधीच शोधून ठेवा, कारण तपासणीत माऊस खरोखरच बिघडलेला निघाला तर वॉरंटीसाठी दुकानदार पहिल्यांदा तीच मागेल.

1. आधी लक्षण ओळखा

माऊस “खराब चालतो” एवढ्यावरून काहीच ठरत नाही. बाण जागच्या जागी थरथरत असेल पण क्लिक बिनचूक होत असेल, तर दोष बहुतेक पृष्ठभागाचा किंवा खालच्या भिंगावरच्या धुळीचा असतो. माऊस काही मिनिटे पडून राहिल्यावर पहिल्या हालचालीला उशीर होत असेल आणि मग तो सुरळीत चालत असेल, तर तो झोपेतून जागा होत आहे इतकेच. रेडिओ गोंगाटाचे लक्षण वेगळे आहे. त्यात हालचाल आणि क्लिक दोन्ही मध्येच गळतात, बाण थांबून उडी घेतो, आणि माऊस रिसीव्हरच्या वीतभर जवळ नेला की सगळे ठीक होते.

कीबोर्डही वायरलेस असेल तर त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. माझ्या बाबतीत खरी हानी तिथे होत होती. मराठीत टंकताना अक्षरानंतर दाबलेली वेलांटी रिसीव्हरपर्यंत पोचत नसे आणि “शिवाजी”चे “शवाजी” होई. माऊसने उडी मारली तर ती डोळ्याला दिसते. नावातली गळलेली वेलांटी घाईत दिसत नाही, आणि आधारवरच्या नावाशी ते नाव जुळले नाही की त्या माणसाला पुन्हा एक खेप पडते, एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून या बिघाडाला किरकोळ समजू नका.

2. साधी कारणे बाजूला काढा

दोन्ही सेल एकदम बदला. एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावू नका. माऊस उलटा करून खालचे भिंग कापसाच्या काडीने पुसा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीची धूळ पंख्याच्या वाऱ्यासोबत सगळीकडे बसते आणि एखादा केसही भिंगात अडकलेला असू शकतो. काचेच्या किंवा चकचकीत सनमायकाच्या टेबलावर माऊस थेट फिरवत असाल तर खाली वहीचा पुठ्ठा ठेवून पाहा. एवढ्याने फरक पडला तर पुढचे काही करण्याची गरज नाही.

3. कोणते पोर्ट कोणते, ते पाहून घ्या

पोर्टच्या तोंडातली प्लास्टिकची पट्टी निळी असेल तर ते बहुधा यूएसबी 3.0 असते, आणि काळी किंवा पांढरी असेल तर बहुधा 2.0. “बहुधा” म्हणायचे कारण असे, की सगळ्या कंपन्या हा रंग पाळत नाहीत. अनेक लॅपटॉपवर सगळीच पोर्ट काळी असतात. अशा वेळी पोर्टशेजारी त्रिशूळासारख्या चिन्हासोबत “एसएस” ही इंग्रजी अक्षरे आहेत का ते पाहा. नव्या उपकरणांच्या खोक्यावर हेच मानक “यूएसबी 3.2 जेन 1” अशा नावाने लिहिलेले असते. नाव बदलले तरी वेग तोच 5 गिगाबिटचा आहे.

इथे एक गैरसमज हमखास होतो. “रिसीव्हर निळ्या पोर्टमध्ये लावला म्हणून माऊस अडखळतो” असे अनेक जण सांगतात; मलाही तसेच सांगितले गेले होते. रिसीव्हर निळ्या पोर्टमध्ये लावला तरी तो जुन्या, संथ गतीनेच चालतो आणि स्वतः हा गोंगाट करत नाही. अडचण येते ती त्याच्या शेजारच्या पोर्टमध्ये पूर्ण वेगाने चालणारे दुसरे उपकरण असते तेव्हा. म्हणून केवळ काळे पोर्ट शोधून थांबू नका. ते काळे पोर्ट हार्ड डिस्कच्या बोटभर अंतरावर असेल तर फारसा फरक पडणार नाही.

4. काढून-लावून परीक्षा घ्या

हा टप्पा वगळू नका, कारण खरे निदान इथेच होते आणि त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

संगणकावर पेंट उघडा, पेन्सिल निवडा आणि माऊस नेहमीच्या जागी ठेवून एकसारख्या गतीने भाकरीएवढी गोल वर्तुळे काढत राहा. माऊसचे सगळे संकेत पोचत असतील तर रेघ गोल वळणाची येते. मधले संकेत गळत असतील तर वर्तुळाऐवजी कोनाकोनांची आकृती उमटते, कारण गळलेल्या दोन टोकांमध्ये संगणक सरळ रेघ ओढतो. माझ्या स्क्रीनवर त्या दिवशी जे उमटले ते वर्तुळ नव्हतेच; लहान मुलाने पट्टी धरून काढलेला षटकोन वाटावा असे ते होते.

आता यूएसबी 3.0 ची उपकरणे एकेक करून काढा: हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा जोड), स्क्रीन जोडायचा अडॅप्टर. प्रत्येक उपकरण काढल्यावर पुन्हा वर्तुळ काढा. हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह मात्र थेट उपटू नका. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातल्या “सेफली रिमूव्ह हार्डवेअर” या चिन्हावरून आधी ते बंद करा, कारण त्यात लोकांची कागदपत्रे असतात आणि लिहिण्याच्या मध्येच डिस्क काढली तर फायली खराब होऊ शकतात. एखादे उपकरण काढताच रेघ गोल झाली, तर तेच उपकरण पुन्हा लावा आणि रेघ पुन्हा बिघडते का ते पाहा. असे किमान दोनदा घडले तरच निदान पक्के समजा; एकदा घडले तर तो योगायोगही असू शकतो.

बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र, वेबकॅम आणि प्रिंटर ही आपल्या केंद्रांतली नेहमीची उपकरणे बहुतेक यूएसबी 2.0 चीच असतात, तेव्हा संशयाची सुरुवात त्यांच्यापासून करू नका. सगळी उपकरणे काढूनही रेघ तुटत असेल तर रिसीव्हर दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. तिथेही तसेच झाले तर माऊस बिघडला आहे. पावती घेऊन दुकानात जा.

5. रिसीव्हर डिस्कपासून लांब आणि माऊसजवळ आणा

निदान झाले की मुख्य उपाय हाच. एक्स्टेंशन केबलची पिन संगणकाला लावा, दुसऱ्या टोकाला रिसीव्हर बसवा आणि ते टोक टेबलावर, माऊसपासून वीत-दीड वीत अंतरावर, उघड्यावर आणून चिकटपट्टीने पक्के करा. डिस्क आणि तिची केबल यांच्यापासून रिसीव्हर किमान हातभर लांब राहील असे पाहा. यातून दोन कामे साधतात. गोंगाटाचे उगमस्थान लांब जाते आणि माऊसचा स्वतःचा संकेत जवळून, म्हणून जोरकस मिळतो.

ही केबल यूएसबी 2.0 ची साधीच घ्या. दुकानदार निळ्या तोंडाची, दुप्पट किमतीची केबल “चांगली” म्हणून पुढे करील. रिसीव्हरला तिचा काही उपयोग नाही. तीन मीटरच्या केबलचीही गरज नसते. जास्तीची केबल टेबलाखाली लोंबत राहते आणि कोणाचा तरी पाय अडकून रिसीव्हर तुटतो.

आता टेबलाविषयी. आपल्या केंद्रांत, पतसंस्थांत आणि दुकानांत पत्र्याची टेबले फार असतात आणि संगणकाचा डबा, ज्याला आपण सीपीयू म्हणतो, तो खालच्या पत्र्याच्या कप्प्यात कोंबलेला असतो. रिसीव्हर त्या डब्याच्या मागच्या बाजूला लावला तर त्याचे तोंड भिंतीकडे होते, मध्ये डब्याचा पत्रा आणि वर टेबलाचा पत्रा येतो, आणि रेडिओ लहरींना तो पत्रा ओलांडता येत नाही. माझी मांडणी हुबेहूब अशीच होती. पत्र्यामुळे माऊसचा आवाज आधीच क्षीण झालेला होता, त्यात डिस्कचा गोंगाट मिसळला, म्हणून डिस्क घेण्यापूर्वी कसाबसा चालणारा माऊस जूनपासून चालेनासा झाला. तुमचे टेबल पत्र्याचे असेल तर डिस्क नसली तरी एक्स्टेंशन केबल लावाच.

दुसरा सापळा हबचा. पोर्ट कमी पडतात म्हणून आपण एक हब घेतो आणि डिस्क, रिसीव्हर, ठशांचे यंत्र सगळे त्याच्यात एका ओळीत लावतो. हब यूएसबी 3.0 चा असेल तर याहून वाईट मांडणी दुसरी नाही, कारण त्यात हब आणि त्याची केबल हीच गोंगाटाची उगमस्थाने होतात आणि रिसीव्हर त्यांना चिकटून बसतो. हब लागणारच असेल तर संथ उपकरणांसाठी यूएसबी 2.0 चा स्वस्त हब वेगळा ठेवा आणि डिस्क एकटी, थेट संगणकाला लावा.

6. डिस्कच्या बाजूने काय करता येते?

केबल आणायला बाजारात जाण्याइतका वेळ नसेल, तर डिस्क तात्पुरती यूएसबी 2.0 च्या पोर्टमध्ये लावा. ती 480 मेगाबिटच्या गतीवर उतरते आणि हा विशिष्ट गोंगाट थांबतो. कॉपी करायला बराच जास्त वेळ लागेल, पण रांगेतले अर्ज अडणार नाहीत. डिस्कसोबत आलेली मूळ केबलच वापरा. बाजारातल्या सुट्या स्वस्त केबलींत तारांवरचे धातूचे जाळीदार आवरण निकृष्ट असते किंवा नसतेच, आणि त्यातून गळती वाढते.

डिस्कला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो कृपया मानू नका. उन्हाळ्यात आपल्या खोल्या तशाच तापलेल्या असतात, त्यात गुंडाळलेली डिस्क आणखी तापते, आणि तो कागद घसरून पोर्टच्या आत टेकला तर संगणकालाच इजा होऊ शकते. मी याहून सोपी सवय लावून घेतली आहे: डिस्क दिवसभर जोडलेली ठेवत नाही, संध्याकाळी शटर अर्धे ओढल्यावर जोडतो, दिवसाची कागदपत्रे तिच्यावर घेतो आणि काढून कपाटात ठेवतो. अचानक वीज गेल्यावर डिस्क बिघडण्याची भीतीही त्यामुळे कमी झाली.

7. लॅपटॉप आणि ब्लूटूथ माऊस असेल तर

लॅपटॉपवर दोन्ही बाजूंना पोर्ट असतील तर रिसीव्हर एका बाजूला आणि डिस्क दुसऱ्या बाजूला लावा. पुष्कळदा एवढ्यावर भागते. सगळी पोर्ट एकाच बाजूला असतील तर एक्स्टेंशन केबलला पर्याय नाही.

ब्लूटूथ माऊसला वेगळा रिसीव्हर नसतो, त्याचा अँटेना लॅपटॉपच्या आतच असतो, म्हणून इथे रिसीव्हरऐवजी डिस्क हलवावी लागते. ब्लूटूथ सेकंदाला शेकडो वेळा वाहिनी बदलते, तेव्हा त्याला त्रास होणार नाही, असे वाटू शकते. पण यूएसबीचा गोंगाट सगळ्या पट्ट्यावर सारखा पसरलेला असल्याने वाहिनी बदलून त्यातून सुटका होत नाही. त्याच वेळी वायफायही संथ झालेले दिसले तर नवल नको. राऊटरमध्ये सोय असेल तर वायफाय 5 गिगाहर्ट्‌झवर न्या. माऊसला मात्र असा दुसरा पट्टा उपलब्ध नसतो.

8. वीजबचतीची सेटिंग शेवटी पाहा

विंडोजमध्ये “पॉवर ऑप्शन्स”च्या सविस्तर सेटिंगमध्ये “यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड” नावाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर विंडोज रिकाम्या पोर्टला झोपवते आणि माऊस जागा व्हायला वेळ घेतो. तो बंद करायला हरकत नाही. लॅपटॉपच्या बॅटरीवर थोडा परिणाम होईल. मात्र पहिल्या टप्प्यात सांगितलेले “उशिरा जागे होण्याचे” लक्षण असेल तरच याचा उपयोग होतो. रेडिओ गोंगाट कोणत्याही सेटिंगने थांबत नाही, आणि विंडोज नव्याने टाकूनही थांबत नाही. दुरुस्तीवाला पहिल्याच भेटीत फॉरमॅट करायचे म्हणू लागला, तर त्याच्यासमोर चौथ्या टप्प्यातली वर्तुळाची परीक्षा करून दाखवा आणि मगच ठरवा.

9. वायरचा माऊस कायम हाताशी ठेवा

परीक्षेसाठी मागून आणलेला माऊस परत केल्यावर एक स्वतःचा विकत घ्या. त्याचे संकेत तारेतून जातात, म्हणून या गोंगाटाशी त्याचा संबंध येत नाही. मी तो खणात ठेवला आहे आणि विम्याची मुदत संपायला आठ दिवस उरले की वायरलेस माऊस बाजूला करून तोच लावतो. कीबोर्डही आता वायरचाच घेतला आहे. वायरलेस माऊसचा रिसीव्हर टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात चिकटपट्टीखाली आहे आणि डिस्कसाठी सीपीयूच्या मागचे सगळ्यात खालचे निळे पोर्ट ठरवून, त्यावर पेनाने खूण केली आहे, म्हणजे मी नसताना भाच्याने केंद्र उघडले तरी डिस्क त्याच जागी लागते.